शंभर टक्के, पण कोणापैकी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अलीकडेच गुदाशयाच्या कर्करोगावरील एका औषधाविषयी ठळक वृत्त प्रसिद्ध झाले. ‘शस्त्रक्रियेविना शंभर टक्के रुग्ण कर्करोगमुक्त’ असा त्याचा मथळा होता. वृत्तातला आकडा खोटा नाही आणि माझी तक्रारही आकड्याबद्दल नाही. ती आकड्याखालच्या छेदाबद्दल आहे. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर वर्षभरातच माझ्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली आणि पुढे केमोथेरपी घ्यावी लागली. त्यामुळे हा विषय मी आधी फळ्यावर मांडला आणि मग अंगावर झेलला, असे म्हणता येईल. या दोन्ही नात्यांनी थोडे सविस्तर लिहीत आहे.

वृत्त छापून आले त्या सकाळी दहाच्या आत मला तीन फोन आले. एका मावसभावाने तर “तुझं पोट उगाच फाडलं बघ, आता नुसत्या सलाइनवर बरं होतं म्हणे,” असे सांगून माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूबद्दलच शंका घेतली. त्याची माया मला कळते, पण त्याला समजावताना माझा अर्धा तास गेला. ते औषध गुदाशयाच्या कर्करोगासाठी तपासले गेले होते आणि माझी गाठ त्याच्या बरीच वर, मोठ्या आतड्यात होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या गाठींच्या पेशींमधील डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते, अशाच गाठी असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले होते, आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे रुग्ण पाच ते दहाच असतात. माझ्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन या यंत्रणेतली चारही प्रथिने रंगवून पाहिली होती आणि चारही शाबूत होती. म्हणजे मथळ्यातल्या त्या शंभरात मला कुठेच जागा नव्हती. आपल्या वृत्तात हा तपशील मुळीच नव्हता असे नाही. सातव्या परिच्छेदात ‘विशिष्ट जनुकीय प्रकारच्या रुग्णांमध्ये’ एवढे चार शब्द होते, पण सातव्या परिच्छेदापर्यंत माझा मावसभाऊ पोहोचला नाही आणि बहुतेक वाचक पोहोचत नाहीत.

मूळ संशोधन खरोखरच मोलाचे आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील अँड्रिया सर्सेक, लुईस डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २०२२ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोस्टार्लिमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारे औषध दर तीन आठवड्यांनी सहा महिने देण्यात आले आणि उपचार पूर्ण केलेल्या १२ पैकी १२ रुग्णांत गाठीचा मागमूस उरला नाही. २०२५ मध्ये ही संख्या ४९ पैकी ४९ वर गेली. संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून मी यात एक भर घालतो. बारा जणांत एकही अपयश दिसले नाही, तरी खऱ्या अपयशाचे प्रमाण सुमारे बावीस टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता आपल्याला नाकारता येत नाही. एकोणपन्नास जणांत एकही अपयश नसेल तर ती मर्यादा सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. दोन्ही ठिकाणी मथळा ‘शंभर टक्के’ असाच होईल, पण दुसरे शंभर टक्के पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहेत. शिवाय गाठ न दिसणे आणि आजार कायमचा जाणे यांत काही वर्षांचे अंतर असते, आणि पहिल्या बारा जणांची बातमी जगभर झाली तेव्हा त्यांच्यावर उपचारानंतर सहा ते पंचवीस महिनेच लक्ष ठेवले गेले होते.

आता ज्या व्यक्तीचा उल्लेख अशा वृत्तांत जवळजवळ कधीच येत नाही, तिच्याविषयी लिहितो. कर्करोग म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया करणारे सर्जन येतात, काहींना किरणोपचार करणारे तज्ज्ञ आठवतात. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगावर औषधांनी उपचार करणारे वैद्य, हे मात्र ‘केमो देणारे डॉक्टर’ एवढ्याच ओळखीत गुंडाळले जातात. ही शाखा तशी तरुण आहे. अमेरिकेत १९७२ साली तिला अंतर्गत वैद्यकाची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी तिची पहिली परीक्षा झाली. त्यातही पचनसंस्थेच्या कर्करोगाकडे पाहणाऱ्यांच्या वाट्याला अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड, लहान व मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार एवढा मोठा प्रदेश येतो. यातल्या एका अवयवाचा कर्करोग दुसऱ्यासारखा वागत नाही. जगातील कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक या एकाच पचनसंस्थेतले आहेत. सलाइन परिचारिका लावतात. या डॉक्टरांचे काम त्याआधीचे असते. कोणते औषध, किती, किती काळ, कोणाला, आणि कोणाला मुळीच नाही, हे ठरवणे हे ते काम. त्याचा छायाचित्रात दिसेल असा काही भाग नसतो, म्हणूनच ते वृत्तपत्रांतून निसटत असावे.

माझाच अनुभव सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात अठरापैकी दोन लसिका ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या. म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यातला होता, पण त्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या गटातला. मला ज्यांच्याकडे पाठवले त्या डॉक्टरबाई पचनसंस्थेच्या कर्करोगावरच काम करणाऱ्या आणि त्यावरील चाचण्यांत सहभागी असणाऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचे सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असा उपचार सुचवला, पण तीनच महिने. आमच्याच ओळखीतल्या एका गृहस्थांना याच आजारासाठी पूर्वी सहा महिने उपचार दिले गेले होते. मला वाटले की वय पाहून आपल्याला अर्ध्यात सोडत आहेत. मी ते बोलूनही दाखवले, आणि थोड्या तिखट शब्दांत. बाई रागावल्या नाहीत. मी काय शिकवत होतो ते त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि मला आकडे लिहून दाखवले.

ते आकडे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे होते. बारा देशांत एकाच वेळी चाललेल्या सहा चाचण्यांतील, तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग असलेल्या १२,८३४ रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांना तीन महिने आणि निम्म्यांना सहा महिने उपचार मिळाले होते. तीन वर्षांनंतर आजार न उलटता जगत असलेल्यांचे प्रमाण तीन महिन्यांच्या गटात ७४.६ टक्के आणि सहा महिन्यांच्या गटात ७५.५ टक्के होते. येथे सामान्य वाचक थांबेल आणि फरक एकाहून कमी टक्क्याचा म्हणजे नगण्य आहे असे म्हणेल. संशोधकांनी तसे म्हटले नाही, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला तो इथे. कमी उपचार किती प्रमाणात कमी पडला तर तो ‘निकृष्ट नाही’ असे मानायचे, याची मर्यादा त्यांनी चाचणीच्या आधीच ठरवून ठेवली होती. धोक्याचे गुणोत्तर, म्हणजे तीन महिन्यांच्या गटातला धोका सहा महिन्यांच्या गटाच्या किती पट ते, अनिश्चिततेसह १.१२ च्या आत राहिले पाहिजे, अशी ती अट होती. प्रत्यक्षात ते १.०७ आले, पण अनिश्चिततेची वरची कड १.१५ पर्यंत गेली. म्हणून सर्व रुग्णांना एकत्र धरता आपण जे सिद्ध करू पाहत होतो ते सिद्ध झाले नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. एवढ्या मोठ्या खटाटोपानंतर तीन शतांशांनी हुकलेली गोष्ट हुकली असे कबूल करायला धैर्य लागते. परीक्षेत तीन गुणांसाठी माझ्याशी भांडणारे विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिले आहेत.

पण त्याच माहितीत माझ्यासारख्यांसाठी वेगळे उत्तर होते. ज्यांची गाठ आतड्याच्या भिंतीतून फार बाहेर गेलेली नव्हती आणि ज्यांच्या तीनहून अधिक ग्रंथी बाधित नव्हत्या, त्यांच्यात तीन महिन्यांच्या गटाचे प्रमाण ८३.१ आणि सहा महिन्यांच्या गटाचे ८३.३ टक्के होते. अधिक धोक्याच्या गटात मात्र तफावत होती आणि तिथे डॉक्टर आजही अधिक काळच्या उपचाराचा विचार करतात. दुसरीकडे, मला जी औषधे मिळणार होती त्यांनी हातापायांच्या नसांवर त्रासदायक परिणाम होण्याचे प्रमाण तीन महिन्यांत १४.२ टक्के, तर सहा महिन्यांत ४४.९ टक्के होते. बाईंनी एवढेच विचारले की उरलेल्या आयुष्यात बोटांनी कोणती कामे करायला तुम्हाला आवडतात. मी लिहायला असे सांगितले. तीन महिन्यांवर सही झाली.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा त्रास ज्याने घेतला आहे त्यालाच कळतो. सलाइननंतर काही दिवस फ्रिजमधल्या बाटलीला हात लागला की बोटांत काचा टोचल्यासारख्या झिणझिण्या येत, आणि गार पाण्याचा घोट घशाशी अडकल्यासारखा वाटे. चौथ्या सलाइननंतर सदऱ्याची बटणे लावायला पत्नीची मदत लागू लागली. तो त्रास पुढे ओसरला. आज हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सहा महिन्यांची आठ सलाइने झाली असती तर ते जमलेच नसते असा दावा मी करणार नाही, एका माणसाच्या अनुभवावरून असे निष्कर्ष काढू नयेत हेच मी शिकवत आलो. पण उपचार अर्धा करता येतो का, हा प्रश्न विचारायला बारा हजारांहून अधिक रुग्ण आणि शेकडो डॉक्टर पुढे आले, आणि त्याची बातमी माझ्या पाहण्यात एकाही मराठी वृत्तपत्राने पहिल्या पानावर घेतली नव्हती. नव्या औषधाची वार्ता होते, कमी केलेल्या औषधाची होत नाही. कमी औषध विकायला कोण जाहिरात करणार?

या शाखेतल्या एका जुन्या वैद्याविषयी मी नंतर वाचले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधले चार्ल्स मोर्टेल हे पचनसंस्थेच्या कर्करोगाचे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ साली फ्लुरोयुरॅसिल हे औषध जगापुढे आणले होते. उंदरांच्या यकृतातील गाठी युरॅसिल नावाचा घटक निरोगी पेशींपेक्षा अधिक वापरतात, या निरीक्षणावरून तशाच दिसणाऱ्या, पण पेशीची वाढ रोखणाऱ्या रेणूची कल्पना पुढे आली. माझ्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्याही शरीरात गेल्यावर त्याच औषधात रूपांतरित होत होत्या. हे औषध शस्त्रक्रियेनंतर दिल्याने फायदा होतो की नाही, याचे निर्णायक उत्तर मिळायला मात्र तीन दशके लागली. १९९० साली मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तिसऱ्या टप्प्यात शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरॅसिल आणि लेव्हामिसोल दिल्यास आजार उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी घटतो. लेव्हामिसोल हे मुळात जंतांवरचे औषध. पुढच्या चाचण्यांत ते वगळले तरी चालते असे दिसले आणि ते मागे पडले.

याच मोर्टेल यांनी त्याआधी दोन लोकप्रिय समजुतींची परीक्षा घेतली होती. जर्दाळूच्या बियांशी नाते सांगणारे लेट्रिल हे द्रव्य त्या काळी कर्करोगावर रामबाण म्हणून हजारो रुग्ण घेत होते. मोर्टेल यांनी ते हसण्यावारी नेले नाही, १७८ रुग्णांवर रीतसर तपासले आणि १९८२ साली त्याचा उपयोग होत नसल्याचे जाहीर केले. १९८५ मध्ये आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांवर मोठ्या मात्रेतील क जीवनसत्त्वाचीही अशीच चाचणी झाली आणि निष्कर्ष तोच निघाला. जे खरे निघाले ते आणि जे खोटे निघाले ते, दोन्ही एकाच तराजूत तोलणारा हा माणूस सकाळी रुग्णही तपासत होता. उपचार आणि संशोधन ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत, एक दवाखान्यातला आणि दुसरा प्रयोगशाळेतला, अशी जी आपली समजूत असते ती निदान या शाखेत तरी टिकत नाही. माझ्या प्रत्येक भेटीत डॉक्टरबाई बोटांची बधिरता शून्य ते तीन अशा श्रेणीत नोंदवून घेत. तो माझ्यासाठी उपचार होता, आणि अशाच नोंदींच्या ढिगातून ते १४.२ आणि ४४.९ आले होते.

अपयशांची यादी तर वृत्तपत्रांत येतच नाही. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षापासून कॅम्पटोथेसिन वेगळे केले, आणि त्यापासून पुढे इरिनोटेकॅन तयार झाले. आतड्याचा कर्करोग पसरलेला असेल तर ते आजही उपयोगी पडते. मग शस्त्रक्रियेनंतर, आजार उलटू नये म्हणून ते दिले तर आणखी चांगले, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटले. मोठ्या चाचण्या झाल्या आणि फायदा दिसला नाही. बेव्हॅसिझुमॅब आणि सेटुक्सिमॅब या नव्या, महागड्या औषधांचेही याच जागी तेच झाले. २००८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. सेटुक्सिमॅब हे औषध ज्यांच्या गाठीत केरास नावाच्या जनुकात बदल झालेला असतो, अशा रुग्णांत काहीच करत नाही, आणि आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या शंभरातले सुमारे चाळीस रुग्ण असे असतात. या निष्कर्षाने एकही नवे औषध दिले नाही. त्याने असंख्य लोकांना निरुपयोगी औषधाच्या पुरळांपासून आणि खर्चापासून वाचवले. माझ्या मते अशा बातमीला मथळ्याचा मान असायला हवा.

लहान चाचणी म्हणजे कच्ची चाचणी असेही मी म्हणत नाही. जठर आणि आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या जीआयएसटी या वेगळ्या जातीच्या गाठींवर नेहमीच्या केमोथेरपीचा जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. १९९८ मध्ये जपानच्या सेईची हिरोटा यांच्या गटाने या गाठींचे मूळ किट या जनुकातल्या बदलात असल्याचे दाखवले. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत हैक्की योएन्सू यांनी एका महिलेला किटचे काम रोखणारे इमॅटिनिब देऊन पाहिले आणि तिच्या यकृतात पसरलेल्या गाठी झपाट्याने आटल्या. तो एका रुग्णाचा अनुभव होता, पण त्याच्या मागे कारण माहीत होते आणि पुढे मोठ्या चाचण्या होणार होत्या. त्या ‘पुढे’शिवाय एका रुग्णाची कथा ही कथाच राहते.

आपल्या वृत्तातल्या औषधाचाही असाच मोठा ‘मागे’ आहे, आणि तो वाचकांपर्यंत पोहोचला असता तर वृत्त अधिक रंजक झाले असते. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये ॲल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री म्हणाली की मी लवकरच कर्करोगाने जाणार, कारण आमच्या घरात बहुतेक सगळे तसेच गेले. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. आनुवंशिक कर्करोगाची ही कल्पना पुढे दशकानुदशके बाजूला पडली. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये आणखी दोन कुटुंबे नोंदवून तिला पुन्हा उभे केले, तरी त्यांना बराच काळ कोणी गांभीर्याने घेतले नाही. १९९३ आणि १९९४ मध्ये यामागची पहिली जनुके सापडली, आणि ती डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतली निघाली. ही यंत्रणा बिघडलेल्या गाठींत चुकांचा इतका सुळसुळाट असतो की रोगप्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखता येतात, आणि म्हणून तिला मोकळे सोडणारी औषधे इथे विशेष लागू पडतात, हे २०१५ मध्ये रुग्णांत दिसले. मग २०२२ मधले ते बारा जण. ‘रातोरात चमत्कार’ म्हणून आपण छापलेली गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वाक्यापासून १२७ वर्षे चालत आली आहे. आणि जाता जाता एक व्यावहारिक बाब: ज्यांच्या घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यांपिढ्या आणि कमी वयात दिसतो, त्यांनी हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा घरांतल्या निरोगी माणसांना वेळोवेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून आतड्याचा कर्करोग बऱ्याच वेळा टाळता येतो.

प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण होते. त्यांच्या मुलाने मोबाइलवर ‘चार औषधांच्या मिश्रणाने आयुष्य जवळपास दुप्पट’ अशी बातमी आणली होती आणि ते मिश्रण वडिलांना का देत नाहीत यावरून तो संतापला होता. बातमी इथेही पूर्ण खोटी नव्हती, थोडी फुगवलेली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या फ्रेंच चाचणीत आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेला होता. या आजारात ही खरोखर मोठी मजल होती. पण महिन्यांचा उल्लेख टाळून फक्त ‘जवळपास दुप्पट’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वर्षे उभी राहतात. शिवाय त्या चाचणीत पंचाहत्तरच्या आतले आणि बऱ्यापैकी हिंडते-फिरते रुग्णच घेतले होते. डॉक्टरबाईंनी त्या गृहस्थांना अहवाल विचारले नाहीत. सकाळी कपडे स्वतः घालता का, दिवसातले किती तास पडून असता, एवढेच विचारले. दिवसाचा बहुतेक वेळ ते पडूनच असत. त्यांना ते मिश्रण दिले गेले नाही, वेदना कमी करणारे आणि श्वास सुसह्य करणारे उपचार दिले गेले. मुलाला ते हार मानल्यासारखे वाटले. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि बोलायला हवे होते असे आजही वाटते.

उलट दिशेची चूकही होते. जून २०२५ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष आले. मार्गदर्शकासह तीन वर्षे नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनंतर ९०.३ टक्के हयात होते, तर केवळ आरोग्याची माहितीपत्रके मिळालेल्यांपैकी ८३.२ टक्के. एखाद्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याचा गवगवा झाला असता. पण ‘चालल्याने कर्करोग पळाला’ अशा थाटात ही बातमी पसरली, आणि चाचणीतले सर्व रुग्ण आधी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण केलेले होते, ही बाब गळून पडली. आमच्या ओळखीतल्या एक बाई केमोथेरपी सोडून नुसते चालण्याच्या बेतात होत्या. त्यांना कोणीतरी वेळेवर अडवले. मी स्वतः आठवड्यातून चार वेळा पाऊण तास भरभर चालतो, डॉक्टरबाईंनी ते गोळीसारखे लिहून दिले आहे, पण माझी तीन महिन्यांची केमोथेरपी झाल्यावर.

म्हणून आपल्याला विनंती आहे की कर्करोगाच्या उपचाराविषयी वृत्त देताना ते कोणत्या अवयवाच्या, कोणत्या टप्प्याच्या आणि कोणत्या प्रकारच्या गाठीसाठी आहे, हे मथळ्यात किंवा निदान पहिल्या वाक्यात यावे. किती रुग्ण होते आणि त्यांची तुलना कोणाशी केली, हे त्याच परिच्छेदात यावे. टक्केवारीबरोबर मूळ संख्या द्यावी, ‘दुप्पट’बरोबर महिने द्यावेत. जमल्यास ज्या चाचण्यांत औषध अपयशी ठरले किंवा अर्धे करता आले, त्यांनाही कधी अर्धा स्तंभ मिळावा. आणि अशा वृत्तावर त्या-त्या अवयवाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचे मत घेऊन, ‘हे कोणाला लागू नाही’ हा प्रश्न त्यांना आवर्जून विचारावा. या एका प्रश्नाच्या उत्तराने त्या दिवशी माझे तीन फोन वाचले असते. ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, त्यांचे काय वाचले असते याचा अंदाज आपणच करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक

ता. क. : त्याच वृत्तात ‘गुदाशय’ आणि ‘गुदद्वार’ हे शब्द आलटून पालटून वापरले गेले आहेत. हे दोन वेगळे अवयव आहेत, त्यांचे कर्करोग बहुधा वेगळ्या प्रकारच्या पेशींपासून होतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात. एवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात छापावी.